डोंगरभर नीलमणी

सागाच्या एका जंगलात एक खार राहायची. हातपाय चपळ, नजर तीक्ष्ण. पण ती नजर स्वतःच्या ताटात कमी आणि शेजारच्या ताटात जास्त असायची.

मुलांनो, त्या जंगलात मोबाइल आले होते, आणि मोबाइलवर एक खेळही आला होता. तळ्यातल्या कासवाने तीन वर्षे खपून तो बनवला होता. खेळात एक भलामोठा डोंगर होता. ज्याने त्याने हवे तिथे खणावे, दगड, कोळसा, तांबे जे लागेल ते गोळा करावे आणि त्यातून मनासारखे घर बांधावे. तिथे जिंकणे नव्हते, हरणेही नव्हते. सगळ्यांत दुर्मीळ होता नीलमणी. अख्ख्या डोंगरात मोजके सात. तो दारावर बसवला की त्याचा निळा उजेड पायथ्यापासून दिसायचा, आणि येणारे जाणारे थांबून विचारायचे, "हे घर कुणाचे हो?"

खारीला एवढेच हवे होते. कुणीतरी थांबावे आणि आपल्या घराबद्दल विचारावे.

पण पहिला नीलमणी सापडला घुशीला. सगळे जंगल तिच्या खेळातल्या दारी लोटले. खारही गेली. "छान दिसतोय हो, घूसताई," असे तोंडाने म्हणाली. आणि त्या दिवशी तिला जांभळेसुद्धा कडू लागली.

"मी दोनशे खड्डे खणले," ती सशाला म्हणाली. "हिने एक! एकच! आणि मणी हिला?"

ससा हसला. "खारूताई, तुझे खड्डे म्हणजे भाकरीवरचे तीळ. एक तरी गुडघाभर आहे का?"

खोटे नव्हते ते. दाणा पुरण्यापुरते उकरायचे आणि टुणकन पुढच्या जागी पळायचे, ही खारीची जन्माची सवय. खेळातही ती तेच करी. घूस मात्र एकोणीस दिवस एकाच जागी खाली खाली जात राहिली होती. पण जळणाऱ्या मनाला हे कोण सांगणार? खार तडक तळ्यावर गेली.

"कासवदादा, तुमच्या खेळात पक्षपात आहे."

"मणी सगळ्यांसाठी सारखेच पेरलेत ग," कासव म्हणाले. "फक्त खोल आहेत."

"म्हणजे घुशीच्या सोयीचे! बिळात राहणाऱ्यांनी मणी न्यायचे आणि आम्ही झाडावरच्यांनी काय पाने मोजायची?"

कासव विचारात पडले. दुसऱ्या दिवशी खार सशाला घेऊन आली, तिसऱ्या दिवशी मुंगसालाही. "मणी वर आणा, नाहीतर आम्ही सगळे खेळ सोडतो," तिने बजावले. कासव मनाने मऊ. तीन वर्षांची मेहनत ओस पडेल या भीतीने त्याने मान डोलावली आणि डोंगराच्या वरच्या थरात, वीतभर मातीखाली, जागोजागी नीलमणी पेरून टाकले.

सकाळी खेळ उघडला आणि खारीला बघता बघता अकरा मणी सापडले! तिने ते दारावर लावले, खिडक्यांवर लावले, उरलेले कौलांवर बसवले आणि उंबऱ्यात बसून वाट पाहू लागली. कुणी थांबेना. शेवटी ससा आला.

"अरे, माझे घर पाहिलेस का?"

"कुठले? निळे का?" ससा म्हणाला. "अग, मी तर उकिरड्याचा कठडासुद्धा निळा केलाय!"

खारीने मान उंच करून पाहिले. मुंगसाने पायवाटेत मणी फरसबंदीसारखे बसवले होते. सारा डोंगर निळाशार झाला होता आणि त्यात कुणाचे दार कुठले ते ओळखू येत नव्हते. पलीकडे घूस आपल्या दारावरचा मणी काढत होती. "राहू दे आता," ती स्वतःशीच पुटपुटली. "कुणाला दिसतोय?"

ते ऐकून खारीला गार वाटले. जिरली एकदाची! पण तो गारवा दुपारपर्यंतही टिकला नाही. तिने आपले अकरा मणी निरखून पाहिले. उकिरड्यावरचे आणि तिचे अगदी सारखे दिसत होते.

आठवड्याभरात डोंगर ओस पडू लागला. आधी मुंगूस यायचे थांबले, मग ससा. खणून करायचे काय? वर तर सगळेच पडले होते. आता घर पाहायला थांबेल असे डोंगरावर कुणी उरलेच नव्हते. खार पाय ओढत पुन्हा तळ्यावर गेली.

"दादा, पूर्वीसारखे करा."

"करतो. पण वर पेरलेले सगळे मणी जातील. तुझे अकराही."

खारीची शेपटी खाली आली. तिने विचारले, "आणि घुशीचा?"

"तिचा राहील. तो तिने तळातून आणलाय."

म्हणजे डोंगरावर पुन्हा एकच निळे दार, आणि तेही घुशीचेच! खारीच्या डोळ्यांपुढे ते दार लखलखले. नको म्हणावे, असे तिच्या अगदी ओठांवर आले. मग तिला तो रिकामा डोंगर आठवला.

"राहू दे मेलीचा," ती म्हणाली. "करा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मंडळी हळूहळू परतली. खारीने एक जागा निवडली आणि खाली खणायला घेतले. पुढच्या जागी उडी मारण्यासाठी पाय शिवशिवत, ते तिने दाबून धरले. पाच दिवसांत माती लागली, कोळसा लागला, मणी लागला नाही. सहाव्या दिवशी वर एकच गलका झाला. मुंगसाला नीलमणी सापडला होता!

खारीचे सगळे अंग पेटल्यासारखे झाले.

"खारूताई, वर ये!" ससा खड्ड्यात डोकावून ओरडला. "मुंगसाचा मणी बघायला चल!"

"नंतर येते," खालून आवाज आला. "मला अजून खाली जायचे आहे."

तात्पर्य : हेव्यापोटी मागून घेतलेली दुर्मीळ वस्तू हाती येईपर्यंत दुर्मीळ उरत नाही, म्हणून दुसऱ्याचा मणी पाहून जळण्यापेक्षा आपला खड्डा खोल करावा.