थुंकीची नळी

खैरवळीच्या वेशीबाहेर, जिथून गडाची वाट चढायला लागते, तिथे उजव्या हाताला एक लोखंडी नळी जमिनीत तिरकी रुतलेली दिसते. भोवती काळपट चिखल, वर घोंगावणाऱ्या माश्या. तिथे आलं की गावचे भिवा गुरव पाहुण्यांना थांबवतात, आधी स्वतः थुंकतात आणि म्हणतात, "थुंका. लाजू नका. वरातीतला नवरदेवसुद्धा इथे घोड्यावरून उतरून थुंकतो." मग ते सांगायला लागतात.

गडावर तेव्हा हैबतराव नावाचा किल्लेदार होता. सोवळ्याओवळ्याचं वेड एवढं की दिवसातून तीनदा अंघोळ, आणि दुसऱ्याचा हात लागलेल्या तांब्यातलं पाणी तो तुळशीलाही घालू देत नसे, म्हणे. त्याने गावातल्या सटवाजी लोहाराला बोलावून सांगितलं, "बुरुजावरून नदीपर्यंत गोळी नेईल अशी बंदूक घडव."

सटवाजीने तिच्यापायी दोन वर्षं घातली. लोखंडाची लांब पट्टी तापवून सळईभोवती वेटोळ्याने गुंडाळायची, ठोकून ठोकून सांधे एकजीव करायचे, मग आतलं भोक सरळ करत न्यायचं. एवढं कुठलाही कसबी करील. सटवाजीने नळीच्या आत सात पिळदार चाऱ्या कोरल्या, गोळी भोवऱ्यासारखी फिरत जावी म्हणून. खांद्याला टेकवायचा दस्ता शिसवी लाकडाचा केला. भट्टीला कोळसा पुरवायचा चांग्या कातकरी. "सटवाजी, हिच्यापायी माझा अर्धा डोंगर जाळलास," असं म्हणून तो हसायचा आणि जाताना नळीवरून हात फिरवून जायचा.

बंदूक तयार झाली. माचीच्या बुरुजावर सटवाजीने दारू ठासली, गोळी बसवली, जामगीची वात पेटवून बंदूक किल्लेदाराच्या हाती दिली. निशाणाला मडकं मांडलं होतं. हैबतरावाने मडक्याकडे पाहिलं आणि नळी हळूच बाजूला वळवली. खाली नदीकाठी पाठीवर टोपली घेतलेलं कुणीतरी चाललं होतं. बार झाला. ते माणूस आधी गुडघ्यावर बसलं, मग पालथं पडलं.

"लोहारा," किल्लेदार म्हणाला, "किती पावलं भरतात, मोजून ये."

सटवाजी धावतच उतरला. माणूस पडलेलं त्याने पाहिलं होतं. तरी बुरुजाच्या पायथ्यापासून त्याने मोजायला सुरुवात केली. शंभर झाली, दोनशे झाली, तशी त्याची छाती फुगत चालली. एवढ्या लांब कुणाची बंदूक गेल्याचं त्याच्या ऐकण्यात नव्हतं. "दोनशे ऐंशी!" तो वर तोंड करून ओरडला. त्या ओरडण्यातला आनंद त्याचा त्यालाच ऐकू आला. मग त्याने खाली पाहिलं. सांडलेल्या कोळशावर चांग्या पडला होता.

"शाब्बास!" वरून आवाज आला. "अशा आणखी बारा हव्यात!"

सटवाजी तिथेच भडभडून ओकला. पुढे तीन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, असं सांगतात. हात राखेने घासले, मातीने घासले, पण दारूचा वास बोटांतून जाईना. बायकोने भाकरी पुढे केली की तो वास आधी नाकात शिरे आणि तो ताट सरकवून देई. जगात त्याला कशाची किळस असेल तर ती स्वतःच्या हातांची.

चौथ्या दिवशी, "बारा घडवायच्या तर माप हवं," असा निरोप देऊन त्याने गडावरून बंदूक मागून आणली आणि तडक चांग्याचं खोपट गाठलं. चांग्याची बायको ठकी दारात बसली होती. तिच्यापुढे बंदूक टाकून त्याने घण उचलला.

"मोडू नको," ठकी म्हणाली. "मोडलेलं लोखंड परत भट्टीत जातं."

"मग काय करू, बाई? तो चांग्या आहे हे मला ठाऊक नव्हतं गं."

"दुसरा कुणी असता तर?"

सटवाजीने घण खाली ठेवला.

"मी टेकाडावर होते," ठकी म्हणाली. "तो अजून हलत होता. तू येताना दिसलास. मला वाटलं, लोहार पाणी पाजायला येतोय. तू पावलं मोजत होतास."

ती उठली आणि बंदुकीवर थुंकली. "ही वेशीबाहेर नेऊन रोव. आज बाजार आहे."

सटवाजीने तसंच केलं. नळी जमिनीत, दस्ता वर. बाजाराला येणाऱ्या प्रत्येकाला त्याने घडलेलं सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मोजलेल्या पावलांसकट. ऐकणारा थुंकून पुढे जाई. तेली, माळी, कोष्टी, लेकुरवाळ्या, तंबाखूचा बार भरलेले म्हातारे, कुणी मागे राहिलं नाही. दुपारपर्यंत त्या शिसवी दस्त्यावरून तारा लोंबू लागल्या.

गडावरचे शिपाई बंदूक न्यायला आले, नाकाला शेला लावून उभे राहिले. मग हैबतराव स्वतः आला. "धुऊन आणा!" तो ओरडला.

"सरकार," एक शिपाई म्हणाला, "धुऊ की. पण नेम धरताना गाल आपल्यालाच लावायचाय."

हैबतराव पांढराफटक पडला. सटवाजीचे दोन्ही अंगठे तोडायचा हुकूम देऊन त्याने घोडा वळवला, तो पुन्हा त्या वाटेने कधी उतरला नाही. सटवाजीने हात आपणहून पुढे केले, म्हणे. बारा बंदुका घडवणारं मग कुणी उरलंच नाही.

दस्ता केव्हाच कुजून गेला. आजही येणारा-जाणारा नळीवर थुंकतो. पण सटवाजीच्या घरातलं माणूस तिथून गेलं, तर ते दोनदा थुंकतं. एकदा नळीवर, आणि एकदा खाली वाकून स्वतःच्या पावलावर.