हिंदुरावची जोडचाकं

माळावरच्या एका गावात हिंदुराव नावाचा बागाईतदार राहायचा. बागेत फिरवायला त्याने एक छोटा ट्रॅक्टर घेतला होता. ट्रॅक्टर कामाला चोख, पण दिसायला एवढासा. गावाने त्याचं नाव 'खेळणं' ठेवलं होतं. "काय रं हिंदुराव, खेळण्याला आज चावी दिली का न्हाय?" असं कुणी पारावरून विचारलं की हिंदुरावच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा खेळणं चिखलात रुतलं. बैल लावून ओढून काढावं लागलं आणि गाव पोट धरून हसलं. हिंदुरावने मग मागच्या दोन्ही चाकांना बाहेरून आणखी एकेक चाक जोडून घेतलं. त्या दिवसापासून ट्रॅक्टर कुठल्याही चिखलातून सरळ चालत जाऊ लागला, वर दुसऱ्यांच्या रुतलेल्या गाड्याही ओढून काढू लागला. थट्टा थांबली. इथवर सगळं ठीक होतं. पण चिखल संपला, उन्हाळा आला, तरी त्याने ती जोडचाकं काढली नाहीत. काढायचे होते चार नट, पण नटांबरोबर रुबाबही उतरला असता ना!

त्याच गावात शेवंताकाकी होती. एकटी बाई, एक एकर रान, त्यावरच तिचं वर्ष निघायचं. तिने लावायला आल्याचं बेणं, म्हणजे कंद, आणून ठेवलं होतं. बेण्याला डोळे फुटले आणि नेमका तिचा एक बैल लंगडा झाला. आठ दिवसांत लागवड झाली नाही तर बेणं सडणार होतं. म्हणून काकीने इर्जिक घातली. इर्जिक म्हणजे गावाने आपापले नांगर आणायचे, एकाचं रान एका दिवसात नांगरून द्यायचं, मोबदला घ्यायचा नाही, फक्त पोटभर जेवायचं. आणि रिवाज असा, की इर्जिकीला आलेल्याच्या कामाला घरच्याने नावं ठेवायची नाहीत.

वळवाची एक सर पडून गेली होती, जमिनीत ओल होती. तीन बैलजोड्या आल्या. हिंदुरावही आला. "निम्मं रान माझ्या एकट्याचं. तुम्ही तिघं मिळून निम्मं करा," तो म्हणाला.

नांगरताना ट्रॅक्टरचं उजवं चाक आधीच्या तासातून, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरातून, चालतं. तासाच्या पलीकडे नुकतीच उलथलेली माती असते. हिंदुरावचं आतलं चाक तासातून नीट चाललं, पण बाहेरचं जोडचाक त्या ताज्या मातीवर चढलं. नांगर माती उलथत होता आणि चाक ती दाबून बसवत होतं. हिंदुरावला हे दिसलं नाही, कारण त्याचं सगळं लक्ष बांधावर बघायला बसलेल्या गावच्या मंडळींकडे होतं.

बैलांचं अर्धं काम व्हायच्या आत त्याचं रान झालं. बैलांच्या बाजूला ओबडधोबड ढेकळं, आणि याची बाजू सारवल्यासारखी सपाट.

"बघा! नांगरटबी झाली आन् सपाट करायची फळीबी फिरली!" हिंदुराव म्हणाला. मंडळींनी माना डोलावल्या.

दुपारी पंगत बसली. हिंदुराव हात धुवायला गेला, तर काकी रानात एकटीच उभी. तिच्या हातात खुरपं होतं. बैलांच्या बाजूला ते मुठीपर्यंत जात होतं. हिंदुरावच्या बाजूला बोटभरही जाईना. तिने पाच ठिकाणी दाबून पाहिलं. दाबलेल्या मातीत आलं पोसत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"काय बघताय काकी?"

तिने खुरपं पाठीमागे घेतलं. "काय न्हाय रं. जेव जा, भाकरी गार हुतीया." ती हसलीसुद्धा, पण तिचे डोळे भरले होते.

हिंदुरावने टाच दाबून पाहिली. टाच रुतेना. मग त्याने मागे वळून आपण नांगरलेलं सगळं रान पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच. या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडचाकाने माती दाबून बसवली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो ताटावर बसलाच नाही. पाना घेतला आणि सगळ्यांसमोर जोडचाकं सोडवू लागला.

"आलं का खेळणं परत!" बांधावरून कुणीतरी ओरडलं.

"आलं की," हिंदुराव म्हणाला आणि पुढचा नट फिरवू लागला.

आता ट्रॅक्टर हलका पडून चाकं जागच्या जागी फिरू लागली, तेव्हा त्याने वजनाला मागे वाळूची दोन पोती बांधली. पहिल्या तासापासून आपल्या वाट्याचं निम्मं रान पुन्हा नांगरलं. या वेळी तो दर वळणावर मागे पाहत होता.

दिवस कलला तेव्हा काम संपलं. काकी आली. तिने खुरपं दाबलं, ते मुठीपर्यंत गेलं. खुरपं तसंच मातीत उभं ठेवून ती घरात गेली आणि गरम भाकरीचं ताट घेऊन आली.

"आता जेव," ती म्हणाली. "आन् दुसऱ्या भाकरीला न्हाय म्हणायचं न्हाय."

तात्पर्य: मदतीला जाताना रुबाब घरी ठेवावा आणि केलेलं काम मागे वळून पाहावं, भिडेपोटी गप्प बसलेल्या माणसाचं मौन ही शाबासकी नसते.