कॅरियरवरची गाठ

एका आठवडी बाजाराच्या गावी एक वृद्ध गृहस्थ राहत होते. चाळीस वर्षे त्यांनी बाजारातला माल सायकलवरून वाड्यावस्त्यांना पोहोचवला होता. मिठाची पोती, गुळाच्या ढेपा, एकदा तर लग्नाची अख्खी भांडी. लोक त्यांना रावजीबाबा म्हणत. आता गुडघे चालत नव्हते, म्हणून ते दारातल्या बाजेवर बसून असत. कोणी विचारले तर सांगत, न विचारले तर गप्प राहत.

एके दिवशी त्यांच्याकडे मैना आली. मैना नदीपलीकडच्या वस्तीतली. तिथल्या अंगणवाडीत बचत गटाच्या बायका मुलांचे जेवण शिजवत, आणि दर शनिवारी बाजारातून तांदूळ, डाळ, तेल, अंडी नेऊन द्यायचे काम मैनाकडे होते. याच कामावर तिचे आणि तिच्या लेकीचे चालले होते. पण लागोपाठ दोन शनिवार घोटाळा झाला. गटाच्या प्रमुख बाई तशा शांत, तरी या खेपेला त्यांनी स्पष्ट सांगितले, "मुलं दीडपर्यंत उपाशी बसली, मैना. येत्या शनिवारी अकराच्या आत सामान आलं नाही, तर टेम्पोवाल्याला सांगावं लागेल."

"मला सामान न्यायला शिकवा, बाबा," मैना म्हणाली.

"सायकल येते ना?"

"सायकल येते."

"मग सामान कसं नेतेस ते सांग."

मैनाने सांगितले. आधी ती सगळ्या पिशव्या हँडलला अडकवायची. डोळ्यांसमोर असले म्हणजे जिवाला घोर नाही. पण हँडल जड व्हायचे, वळणावर ऐकायचे नाही, आणि एकदा तेलाची पिशवी चाकात जाऊन फाटली. मग तिने सामान मागे कॅरियरवर बांधले. आता दर वीस पावलांवर मागे वळून बघायचे आले. मान उजवीकडे वळली की सायकलही उजवीकडे. गेल्या शनिवारी ती अशीच चरीत गेली.

"निघतेस किती वाजता?"

"नऊ होतात. लेकीला शाळेत सोडते. म्हणजे ती शेजारच्या पोरींबरोबर जाते, मी आपली मागून चालते. शाळेच्या फाटकापर्यंत."

बाबांनी जुन्या ट्यूबच्या कापलेल्या चार पट्ट्या आणल्या आणि दुकानातून सरावापुरते मागून आणलेले सामान तिला बांधायला लावले. तिने बांधले. त्यांनी सोडायला लावले. पुन्हा बांध, पुन्हा सोड. दोन दिवस नुसते हेच चालले. जड पोते खाली, सीटच्या दांड्याला लागून. दोन्ही बाजूंना सारखे वजन. पट्टी ताणून, उलट फिरवून, मग गाठ. मैनाच्या बोटांना फोड आले.

"बाबा, उद्या शनिवार. चालवायचं कधी शिकवणार?"

"चालवायचं तुला येतं. तूच म्हणालीस."

त्या दिवशी तिसऱ्या वेळी तिने बांधून संपवले, तेव्हा बाबा काठी टेकत उठले. अंड्यांचा ट्रे त्यांनी आधीच उचलून ओट्यावर ठेवला होता. म्हातारा शहाणा होता. मग त्यांनी हँडल धरले आणि भरलेली सायकल सरळ जमिनीवर ढकलून दिली.

मैना पुढे धावली. दहा किलो तांदूळ, पाच किलो डाळ, तेलाचा डबा. आता मातीतून वेचत बसायचे. पण सायकल आडवी पडली, मागचे चाक थोडे फिरून थांबले, आणि सामान होते तिथेच होते. एक दाणा सांडला नव्हता.

"हे कशाला केलंत, बाबा?" तिने विचारले.

"तुला दाखवायला. सांग, आत्ता पडली तेव्हा सामान कुणी धरून ठेवलं?"

"गाठीनं."

"तू बघत होतीस म्हणून राहिलं का?"

"नाही."

बाबा पुन्हा बाजेवर टेकले. म्हणाले, "पोरी, तुझी काळजी खोटी नाही. फक्त ती तू चुकीच्या जागी ठेवतेस. काळजीची जागा गाठीत आहे, मानेत नाही. बांधताना हवी तेवढी काळजी कर, दहा वेळा ओढून बघ. वाटेत शंका आली तर उतर, हात लावून बघ. पण एकदा पाय मारलास की डोळे रस्त्याचे. मागे बघितल्याने मागचं सांभाळलं जात नाही, आणि पुढचं मात्र हातातून जातं."

मैनाने सायकल उभी केली.

शनिवारी सकाळी तिने लेकीच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. सोडून पुन्हा बांधल्या. दप्तराचा पट्टा ओढून पाहिला, पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवून पाहिले. "नाल्याच्या कडेने नाही, मोठ्या रस्त्याने. तिघींनी हात धरून. कुणी काही खायला दिलं तर?"

"घ्यायचं नाही. आई, तू येत नाहीस?"

"आज नाही."

पोरी निघाल्या. मैनाचा पाय उंबऱ्याबाहेर पडला होता, तो तिने आत घेतला आणि सायकल काढली.

बाजारातून ती साडेनऊला निघाली. पुलावर चढताना मागे खडखड झाली. मान वळणारच होती. मैना उतरली, सायकल स्टँडवर लावली आणि एकेका गाठीवर हात फिरवला. सगळ्या घट्ट होत्या. मडगार्डचा स्क्रू तेवढा ढिला होता. ती पुन्हा बसली, आणि पूल संपेपर्यंत तिने समोरच पाहिले.

अंगणवाडीच्या पडवीत सामान उतरले तेव्हा घड्याळात साडेदहा वाजायला आले होते. प्रमुख बाईंनी अंडी मोजली. एकही फुटले नव्हते.

"आज लवकर आलीस," त्या म्हणाल्या. "लेकीला कुणी सोडलं?"

"तिची ती गेली," मैना पट्ट्या गुंडाळत म्हणाली. "नाड्या मी नीट बांधल्या होत्या."