भोंगा लवकर वाजला

“मग या सेवा आपोआप का सुरू होत नाहीत, बुवा?” श्रीरंगनं विचारलं.

“मी आहे ना सुरू करायला.”

“एका ओळीचं काम आहे. वीज आली की सर्व्हर स्वतःच तिन्ही सेवा सुरू करील.”

“करील की.”

धुंडिबुवा चिंचा फोडत राहिले.

मठाच्या कोठीत तो सर्व्हर होता. धरणातून पाणी सुटलं की नदी चढायची. सर्व्हर पातळी वाचायचा आणि होडीच्या उतारावरचा भोंगा वाजवायचा. भोंगा ऐकून तानूबाई होडी काठाला घ्यायची.

वीज गेली की सगळं बंद पडायचं. परत आली की बुवा गुडघ्यावर हात टेकून उठायचे, कोठीत जायचे आणि एकेक आज्ञा टाइप करायचे. आधी पातळी वाचणारी सेवा, मग निरोप नेणारी, शेवटी भोंग्याची. सेवा पडद्याआड कामाला लागायच्या. भोंगा एकदा आखूड वाजायचा. म्हणजे झालं; तानूबाई होडी सोडायला मोकळी.

श्रीरंग जर्मनीत शिकून आला होता. चांगली नोकरी नाकारून मठात आला होता. त्याला एकच संशय होता... म्हातारा किल्ली सोडत नाही.

“उद्या तुम्ही नसलात तर, बुवा?”

“म्हणून तर तू आलायस.”

“मग पासवर्ड द्या.”

बुवांनी तिथल्या तिथे सांगितला.

इतक्या सहज? खोटा असणार.

खरा निघाला. श्रीरंगचा संशय त्यामुळे वाढलाच.

“लोकांचा तुमच्यावर एवढा विश्वास आहे, बुवा. म्हणून कुणी विचारत नाही.”

“विश्वास?” बुवा हसले. “कुणाचाच नाही रे. नशीब माझं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंगनं ती एक ओळ लिहिली. बुवांना सांगितलं नाही.

दुपारी वीज गेली. तासाभरानं आली.

बुवांनी गुडघ्यावर हात टेकला...

भोंगा एकदा आखूड वाजला.

बुवा तसेच खाली बसले.

“तू कोठीत होतास?”

“नाही. इथंच होतो की, तुमच्यासमोर.”

“मी होतो?”

“नाही.” श्रीरंगला हसू आवरेना. “कुणालाच उठावं लागलं नाही, बुवा.”

बुवांचा फोन वाजला. चिंचेनं हात भरले होते, म्हणून त्यांनी तो कोपरानं श्रीरंगकडे सरकवला. श्रीरंगनं स्पीकर लावला.

“बुवा, पडलाबिडला न्हाई न्हवं?” तानूबाई विचारत होती.

“नाही गं. का?”

“दिवं आलं आन् लगेच भोंगा. तुमच्या गुडघ्यात येवढं बळ कुठनं आलं? म्या म्हनलं, कोठीत चोर शिरला.”

“चोर नाही. श्रीरंग आहे.”

“त्या परदेसी पोराचा हात व्हय?”

“मावशी, आता हात लागतच नाही,” श्रीरंग मध्येच बोलला. “सर्व्हरच सुरू करतो. मी सकाळी सगळं तपासलंय.”

“सकाळी. आन् आत्ता?”

“आत्ता... आत्ताही तसंच असणार.”

“पानी वाचतंय, का नुसता भोंगाच बोंबलतोय? बघितलं कुनी?”



पलीकडून होडीच्या लाकडावर वल्हं आपटल्याचा आवाज आला.

“साळंची पोरं बसल्यात माज्या होडीत. उतरा रं, उतरा समदी. आज होडी न्हाई.”

“मावशी, थांबा! सगळं चालू आहे!”

“आसंल बाबा.”

“आता ती घरी कशी जातील?”

“पुलावरनं. दिस बुडंस्तवर पोचत्याल.”

श्रीरंगनं बुवांकडे पाहिलं. बुवा चिंचोके वेगळे काढत होते.

तो उठला. अंगण ओलांडून, पायऱ्या चढून कोठीत धावला. तिन्ही सेवा चालू होत्या. पातळीचा आकडा जिवंत होता, बोटभर वरखाली होत होता. धरणातून पाणी सुटलेलं नव्हतं. त्याच्या ओळीनं चोख काम केलं होतं.

तो धावतच परत आला. फोन चालूच होता.

“मावशी... चालू आहे... पाणी वाचतंय... मी...”

“बघितलंस?”

“आत्ता... डोळ्यांनी...”

“बसा रं पोरांनू. ये गंगू, दप्तर भिजवू नगं.” फोन बंद झाला.

श्रीरंगनं फोन खाली ठेवला.

“म्हणजे माझं काहीच चुकलं नव्हतं.”

“नाही.”

“मग ती ओळ काढू?”

“कशाला? चांगली आहे.”

“पण बुवा, मी आधीही तेच सांगत होतो. चालू आहे म्हणून. तेव्हा तिला पटलं नाही. नंतरही तेच सांगितलं...” त्याच्या आवाजात पुन्हा संशय होता. “स्क्रीन काही तिनं पाहिली नाही. मग होडी सोडली कशाच्या भरवशावर?”

बुवांनी एक चिंच फोडली, चिंचोका बाजूला टाकला.

“तुला धाप लागली होती.”