सात नारळांचा ढाळ

"...आन् पानी कुठं जातंय?" यंकूबाबानं इचारलं.

"कुठलं पाणी?" हर्षल म्हनला. "पाडवा चार दिवसांवर आलाय. पावसाचा पत्ता आहे का?"

"आज न्हाई. येईल की कवातरी."

हर्षल मगदूम म्हंजे नवाकोरा इंजिनियर. डोस्क्यावर पिवळं हेल्मेट, खिशाला तीन पेनं, तिन्ही चालू. भूपालअन्ना चौगुल्यांच्या ट्रॅक्टरच्या शोरूमम्होरं गाड्या लावायला डांबरी पटांगन करायचं, हे त्येचं सोताच्या नावाचं पयलं काम. झकास झालं तर गेटावर त्येच्या नावाची पाटी लागनार हुती. पाटी रंगवून तयार हुती, अन्नांच्या टेबलाखाली.

"पाडव्याला लावू," अन्ना म्हनले हुते. "काम बिघडलं तर बंबात घालू. लाकूड चांगलं हाय."

आन् यंकूबाबा म्हंजे टोळीचा म्हातारा मुकादम. चाळीस वर्सं डांबरात गेलेली. तळपाय असे, की तापल्या डांबरावर उभा ऱ्हाऊन निवांत तंबाखू मळायचा. अन्नांनी बजावलं हुतं, म्हाताऱ्याला इचारून कर. हर्षलनं त्येला आजवर एकच गोष्ट इचारली हुती. टोळीला च्या किती सांगू.

"ही टोपी कशापायी रं?" म्हातारा म्हनला.

"वरून काही पडलं तर."

म्हाताऱ्यानं वर बघितलं. निळंभोर आभाळ. एक घार.

"पडाय लागलं की मला बी हाक मार."

टोळीतल्या बाया फस्सकन हसल्या. हर्षलचं कान तांबडं झालं. त्येनं नकाशा काढला आन् म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"हे बघा. इथं शोरूम, इथं गेट, इथं रस्त्याची गटार. पाणी शटरापासून गेटाकडं जाणार. सगळा ढाळ, सगळा उतार कागदावर आहे."

म्हाताऱ्यानं लई येळ नकाशा बघितला. मान डोलावली.

"बाबा, उलटा धरलाय."

"सरळ धरल्यावर पानी सरळ जाईल का?"

हर्षलनं नकाशा परत घेतला.

खडी दाबून झाली हुती. वरनं पातळ डांबर फवारलेलं, जागा काळी कुळकुळीत. आता डांबराच्या प्लँटवरनं तापल्या मालाचं डंपर यायचं, टोळीनं पसरायचं, रोलरनं दाबायचं. संध्याकाळी पटांगन तयार.

"नारळ फोडल्याबिगर फावडं लावनार न्हाई," म्हातारा म्हनला.

"फोडा, पण लवकर. माल गार होतो."

यंकूबाबा शटराम्होरं बसला. दगडावर नारळ आपटला. दोन भकलं झाली, पानी भळाभळा काळ्या जमिनीवर.

पानी घडीभर थांबलं...

आन् निघालं. गेटाकडं न्हाई. शटराकडं.

"तिथं थोडा खळगा असेल," हर्षल म्हनला.

"आसंल." म्हाताऱ्यानं हात पुढं केला. "अजून एक आन."

दुसरा नारळ पटांगनाच्या मधी फोडला. पानी शटराकडं.

तिसरा डाव्या अंगाला. शटराकडं.

चवथा उजव्या अंगाला...

 हर्षल नुसता पान्यामागं चालत हुता, जत्रंत हरवलेल्या पोरावानी. पाचवा, सहावा. नारळ आनायला गेलेला गडी म्हनला, बाबा, दुकानदार इचारतोय लगीन कुनाचं हाय.

"साहेबाचं," म्हातारा म्हनला. "पान्यासंगं."

सातवा नारळ म्हाताऱ्यानं पार गेटात फोडला, रस्त्याला चिकटून. ते पानी बी पाठ फिरवून आत आलं. शोरूमच्या काचंमागं अकरा नवं ट्रॅक्टर हारीनं उभं. पावसाळ्यात त्यांची पोहायची सोय झाली हुती.

यंकूबाबानं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. एक हर्षलम्होरं धरला.

हर्षलनं घेतला न्हाई. रस्त्यावर जाऊन उभा ऱ्हायला. रस्त्याकडं बघितलं, गेटाकडं बघितलं, नकाशाकडं बघितलं. नकाशा तीन वर्सामागचा. त्या तीन वर्सांत रस्त्यावर डांबराचं दोन थर चढलं हुतं. रस्ता वीतभर वर आला, नकाशा हुता तिथंच ऱ्हायला. गाड्या आत याव्यात म्हनून हर्षलनं गेटापाशी खडी वाढवून रस्त्याला भिडवली, आन् शटरापाशी कागदापरमानं ठेवली. ढाळ उलटा फिरला. मापाचं यंत्र गाडीत पेटीतच हुतं. परत लावून बघायचं त्येला सुचलं न्हवतं. कागदावर बरोबर हुतं ना.

"बाबा... हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"मग काल का नाही सांगितलं?"

"काल तुला ठावं हुतं की सगळं."

फोन वाजला. प्लँटवाला. "साहेब, पयला डंपर भरायला लावलाय. पाठवू नव्हं?"

हर्षलनं म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हातारा खोबरं चावत घारीकडं बघत हुता. बायांची चुळबूळ थांबली. हो म्हनलं तर संध्याकाळी पटांगन काळंभोर, चकचकीत, अन्ना खूश, पाटी गेटावर. पाऊस पडंपातुर कुनाला कळलं नसतं. न्हाई म्हनलं तर सगळ्या टोळीम्होरं नाक कापून घ्यायचं, ते बी आपल्याच हातानं.

"पाठवू ना साहेब?"

"थांबव," हर्षल म्हनला. आवाज बारीक आला, म्हनून परत म्हनला. "थांबव. माझी चूक झालीय. खडी उचलायची आहे."

यंकूबाबानं घारीवरची नजर काढली.

"आता सांगा," हर्षल त्येच्याजवळ आला. "गेट खाली घेता येत नाही, रस्ता आडवा येतो. मग पाणी न्यायचं कुठं?"

"मला काय इचारतोस? मला कागद वाचता येत न्हाई."

हर्षलनं नकाशाची घडी केली, मागच्या खिशात कोंबली. नारळाचं उरल्यालं एक भकल उचललं, त्यात हापशाचं पानी भरलं आन् पटांगनाच्या कडंकडंनं हिंडाय लागला. इथं थोडं वत, तिथं थोडं वत. उगवतीच्या अंगाला कुंपनापलीकडं जुनी ओघळ हुती, ओढ्याला मिळनारी. नकाशात तिचं नावनिशान न्हवतं.

त्येनं कुंपनापाशी पानी वतलं. पानी ओघळीत उडी मारून गेलं.

"इकडं," हर्षल म्हनला. "सगळा ढाळ इकडं."

म्हाताऱ्यानं टोळीला नुसता हात केला. फावडी उठली.

दोन दिस खडी हलवली. हर्षल यंत्र लावून मापं सांगायचा आन् सोता बी घमेलं उचलायचा. पयल्या दिवशी हाताला फोड आलं, दुसऱ्या दिवशी फुटलं. हेल्मेट कुठंतरी खांबाला लटकलं हुतं, त्यात बाया भाकरीचं फडकं ठिवायच्या. परत दाबलं, परत फवारलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी डंपर आलं, वाफाळता माल पडला, दिस मावळायच्या आत रोलर शेवटचा फिरला.

पाडव्याला सकाळी अन्ना आलं ते पान्याचा टँकर घेऊनच. नारळांची गोष्ट पंचक्रोशीत फिरली हुती.

"मगदूम," अन्ना म्हनले, "आमचा इश्वास हाय तुमच्यावर. सोडा रं पानी."

शटराम्होरं टँकरचा नळ धो धो सुटला. गुढी बघायला आलेली मानसं टाचा उचलून काचंला चिकटली. पानी पसरलं, घडीभर थबकलं...



आन् मग वळलं. आक्खंच्या आक्खं वळलं, उगवतीला, वराडावानी हारीनं निघालं आन् कुंपनाखालनं ओघळीत उतरलं. टँकर रिता झाला. चिमनीला चोच बुडवाय सुदीक डबकं ऱ्हायलं न्हाई. काळ्या जमिनीवर नुसतं ऊन चमकत हुतं.

हलगीवाला बोलावला हुता ट्रॅक्टरच्या पूजंसाठी. त्यो पान्यामागंच वाजवत निघाला. अन्नांनी टेबलाखालची पाटी काढली, सोता खुर्चीवर चढलं, सोता खिळा मारला. एक घाव अंगठ्यावर बसला तरी हसत हुतं.

हर्षलनं पाटी बघितली का न्हाई, ठावं न्हाई. त्यो सरळ यंकूबाबाकडं आला. म्हातारा कुंपनापाशी तांब्या घेऊन बसला हुता, तोंड धुवाय.

"बाबा, माझ्या नावाची पाटी लागली. तुमचं नाव कुठं लिहू?"

"मला वाचाय येत न्हाई. कुठंबी लिवलंस तरी मला काय कळनार?"

हर्षल हसला. खाली वाकला, उघड्या डोस्क्यानं, पार म्हाताऱ्याच्या पायापातुर.

म्हाताऱ्यानं तांब्या उचलला आन् निवांत त्येच्या डोस्क्यावर वतला.

पानी केसातनं निघालं, कपाळावरनं उतरलं, म्हाताऱ्याच्या पायावर पडलं, आन् कुठं न थांबता ओघळीकडं गेलं.

यंकूबाबा शेवटच्या थेंबापातुर बघत ऱ्हायला.

"हां..." त्यो म्हनला. "आता ढाळ बरूबर हाय."