सिदोबाचं न सोडलेलं गाठोडं

नदीकाठच्या एका गावात सिदोबा नावाचा एक पानमळेकरी राहत होता. तसं सगळं गावच नागवेलीच्या पानांवर जगायचं, पण सिदोबाच्या पानाची गोष्ट वेगळी. जिभेवर ठेवलं की विरघळलंच म्हणून समजा. पानमळा ही सोवळ्याची जागा. पायताण बाहेर काढायचं, हातपाय धुवायचे, मगच आत शिरायचं, अशी त्या मुलखाची रीत. त्यामुळे वेल मेली की लोक मातीला नावं ठेवत नसत, माळ्याला ठेवत. हाताला दोष असणार, एवढं म्हणून मोकळे होत.

त्या साली सिदोबाच्याच मळ्यात वेली मरू लागल्या. पाण्याला तोटा नव्हता, तरी पानं पिवळी पडत, बुडखा काळा पडे आणि वेल आधारावरून गळून खाली येई. सिदोबानं ठाऊक होतं तेवढं सगळं करून पाहिलं. खत बदललं, पाणी कमी केलं, नवससुद्धा बोलला. त्याचा मळा पाटाच्या तोंडाशी होता. तिथून निघालेलं पाणी खालच्या सगळ्या मळ्यांत उतरायचं. आज सिदोबाची वेल गेली, उद्या आपली जाईल, या धास्तीनं गावाला घास गोड लागेना.

राजाच्या नगरीत दर साली पानमळेकऱ्यांची परिषद भरत असे. लांबलांबचे जाणते यायचे. त्यांत रुद्राप्पा नावाचे एक म्हातारे होते, त्यांच्या शब्दाला मोठा मान होता. गावानं ठरवलं की सिदोबानं परिषदेला जावं आणि वेली कशानं मरतात ते विचारून यावं. त्याच्या बायकोनं, हौसाबाईनं, मेलेली एक वेल मुळामातीसकट उपटली आणि ओल्या फडक्यात बांधून दिली.

"तिथं पोचलात की आधी हे गाठोडं सोडा," ती म्हणाली. "जेवणखाण मागनं."

परिषदेला रिकाम्या हातानं जायची पद्धत नव्हती. म्हणून मळ्याच्या ज्या कोपऱ्यात रोग पोचला नव्हता, तिथली पानं खुडून सिदोबानं टोपलीत घेतली. घोटाळा झाला तो इथंच. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली पानं पुढं ठेवली. रुद्राप्पांनी सिदोबाचं पान तोंडात घातलं आणि डोळे मिटून चवीनं चघळलं. मग म्हणाले, असं पान कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं. झालं. सिदोबाच्या अंगावर शाल पडली आणि त्याला वरच्या बैठकीवर बसवलं.

शाल काही वाईट नाही, थंडीत उबेला येते. पण ती भर सभेत अंगावर पडली की माणसाला खाली वाकणं जड जातं. सिदोबाचं गाठोडं पायाशी होतं, ते त्यानं टाचेनं हळूच बैठकीखाली सारलं. आता हे सोडलं तर लोक काय म्हणतील? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं मनाला समजावलं. उद्या रुद्राप्पांना एकटं गाठू, असंही ठरवलं. दुसऱ्या दिवशी वेली कशा जपाव्यात यावर चार शब्द सांगायला त्याला उभं केलं. तो बोललाही झकास. मरत्या मळ्याचा धनी वेल जगवण्याचे धडे देत होता आणि लोक माना डोलावत होते. रुद्राप्पांना एकटं गाठायचं तेवढं राहून गेलं.

शेवटच्या दिवशी अडीअडचणी मांडायची वेळ आली. कोणी हलेना. जो तो आपल्या मळ्यात सगळं आलबेल आहे अशा तोंडानं बसला होता. तेवढ्यात मागून एक बाई उठली. बायजाबाई तिचं नाव. नवरा गेल्यावर मळा तीच सांभाळत होती. तिनं पदराखालचं फडकं सोडलं आणि एक वेल सगळ्यांपुढं ठेवली. पानं पिवळी, बुडखा काळा. सिदोबानं ती पाहताक्षणी ओळखली. ही तर त्याचीच वेल. दुखणं तेच, मळा तेवढा दुसरा.

सभेत कुजबुज सुरू झाली. बाईमाणसाचा हात, मग दुसरं काय व्हायचं, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. रुद्राप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"एका मळ्याचं दुखणं निराळं आणि दोन मळ्यांचं निराळं," ते म्हणाले. "आणखी कुणाकडं असं झालंय का?"

जो तो शेजाऱ्याकडं बघू लागला. रुद्राप्पा सिदोबाकडे वळले. "तुम्ही जाणते आहात. तुमच्याकडं?"

बैठकीखालचं गाठोडं सिदोबाच्या पायाला लागत होतं. सगळी सभा त्याच्याकडे पाहत होती.

"आमच्याकडं नाही," तो म्हणाला.

रुद्राप्पांनी सुस्कारा सोडला. मग बाई, तुमच्याच हातून काही चुकत असणार, असं ते बायजाबाईला म्हणाले. तिनं आपली वेल फडक्यात परत बांधली आणि मान खाली घालून ती निघून गेली.

परतताना सिदोबानं गाठोडं नदीत सोडून दिलं. गाव वेशीवर वाट पाहत होतं. तिथं कोणालाच काही माहीत नाही, असं त्यानं सांगितलं. गावानं विश्वास ठेवला. हौसाबाईनं शालीकडे पाहिलं आणि ती चुलीकडे वळली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रोग पाटाच्या पाण्याबरोबर शेवटच्या मळ्यापर्यंत उतरला. गावात खायला म्हणून एक पान उरलं नाही.

पोटासाठी सिदोबा गावोगाव मजुरी करू लागला. असाच एकदा परमुलखातल्या बाजारात त्याला बायजाबाई दिसली. मळा बुडाल्यानं कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसली होती. तिनंही त्याला ओळखलं. सिदोबाला राहवलं नाही. तिच्यासमोर उकिडवा बसून त्यानं सगळं सांगून टाकलं. मग ज्या गोष्टी परिषदेत बोलायच्या, त्या कोथिंबिरीच्या पाटीशी निघाल्या. नव्या वेलींचं बेणं त्या साली कुठून आणलं होतं? दोघांनीही डोंगरापलीकडच्या एकाच जत्रेतून. आधी कोणत्या वेली मेल्या? दोघांच्याही नव्याच. म्हणजे रोग बेण्यातूनच आला होता. वेळीच तेवढ्या नव्या वेली उपटून जाळल्या असत्या, त्यांचं पाणी दुसरीकडं काढलं असतं, तर सिदोबाचं गाव आणि बायजाबाईचा मळा, दोन्ही वाचलं असतं. पण बैल गेला अन् झोपा केला, तशी गत झाली.

सिदोबाला वाटलं, आता ही शिव्या देईल. दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. बायजाबाई आपल्या तळहातांकडे बघत राहिली.

"दादा, मला वाटलं माझ्याच हाताला दोष आहे," ती म्हणाली. "लेकीनं घरामागच्या परड्यात एक वेल लावली होती. मी त्या वेलीला हात लावला नाही. पाण्यावाचून वाळली ती."

सिदोबानं मान खाली घातली आणि पुढे जन्मभर त्याला त्या एका उत्तराचा पस्तावा होत राहिला.

तात्पर्य: जाणत्यांच्या मेळाव्यात मान मिळवायला जाऊ नये, अडलेलं विचारायला जावं, तिथं लपवलेलं दुखणं आपल्या एकट्याचं राहत नाही.