न विचारलेली साक्ष

अष्टागरात खाडीच्या काठी सुरूवाडी नावाचं गाव होतं. भाविकांनी ते नकाशात शोधू नये. संतांची गावं नकाशात कमी आणि जिभेवर जास्त असतात. पेशवाई उतरणीला लागली होती, त्या काळी या गावात अकोबा काजी राहत. बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी जमातीचे ते काजी, म्हणजे लग्नं लावणारे, तंटे तोडणारे, धर्माचा कायदा सांगणारे. ही मंडळी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बैलासकट विसावा घेत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. अकोबांना मात्र सगळी पंचक्रोशी महाराजच म्हणे.

महाराज म्हणत, "अरे, मी कसला महाराज! मी कायद्याचा हमाल. मोशेपासून ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर आलंय. ते सांडायचं नाही, एवढंच."

या ओझ्याखाली त्यांच्या आळीतली सनूबाई तीन वर्षं चिरडली जात होती.

तिचा नवरा इसाजी पलीकडच्या तीरावरच्या गोमाजी तांडेलाच्या गलबतावर खलाशी होता. वादळात गलबत फुटलं आणि गोमाजी एकटाच परत आला. पंचायतीनं त्याला साक्षीला बोलावलं. लाल पागोटं बांधून, मिशीला पीळ देऊन तो आला.

"इसाजीला दर्यानं नेलं," तो म्हणाला. "मी सांगतो म्हणजे नेलं."

"मेलेला पाहिलात?" महाराजांनी विचारलं.

"दर्यानं नेलेला माणूस काय सासुरवाडीला जातो?"

पंच हसले. महाराज हसले नाहीत. "दर्याला दुसरा काठ असतो, तांडेल. माणूस तिकडे लागू शकतो. या साक्षीवर सनूबाईला विधवा म्हणता येणार नाही."

गोमाजीच्या शब्दाला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यानं कायद्याशी उभा दावा मांडला. सनूबाई पाण्याला निघाली की खाडीपलीकडून ओरडायचा, "काय सनूबाय, आला का घो? माझं गलबत निदान बुडून मोकळं झालं! तुमचा कायदा बुडतही नाही नि तरतही नाही!"

सनूबाई मान खाली घालून पुढे जाई. राग तांडेलाचा येई, पण मनात तिलाही तेच वाटे. हातातल्या बांगड्या फोडता येत नव्हत्या आणि नव्या भरताही येत नव्हत्या. शेजारचा हसाजी तेली, बायको वारलेला, सरळ माणूस, दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिच्या उंबऱ्यावर दिव्यापुरतं तेल ठेवायचा, एकदा खाकरायचा आणि निघून जायचा. सगळी आळी त्या खाकरण्याचा अर्थ ओळखून होती. पण हसाजीच्या मावशीनं रोह्याची मुलगी पाहिली होती आणि पावसाआधी लग्न उरकायचा हट्ट धरला होता.

शेवटी सनूबाई महाराजांपुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, तुमच्या कायद्याला लेकीबाळी नाहीत का हो?"

महाराजांनी डोळे मिटले. "त्यांच्यामुळेच तो वाकत आलाय, पोरी. आधी दोन साक्षीदार लागत. मग जुन्या जाणत्यांनी पाहिलं, दर्या काही साक्षीदार जमवून माणसं नेत नाही. म्हणाले, एक पुरे. मग म्हणाले, बाई असली तरी चालेल. मग म्हणाले, परक्या धर्मातल्याचं बोलणंही चालेल. पण त्यानं ते न विचारता, सहज बोललं पाहिजे. आपण साक्ष देतोय हे त्याच्या ध्यानीमनी नको. सहज बोलताना खोट्याचे कष्ट कोण घेतं?"

"मग मी गोमाजीला सहज विचारते की!"

"विचारलंस की सहज संपलं. आडून विचारलंस तरी संपलं. आणि हा नियम त्याच्या कानावर गेला, तर कायमचं संपलं."

तेव्हापासून सगळी आळी गोमाजीसमोर इसाजीचं नाव घेईना. तेल्यांच्या बायका महिनोन्‌महिने एका विषयावर गप्प राहिल्या, हा महाराजांचा पहिला चमत्कार. दुसरा आता सांगतो.

शनिवारची दुपार होती. घाणे थांबलेले, बैल सावलीत. इतक्यात पलीकडून तांडेलाच्या बायकोची, जिवूबाईची, किंकाळी आली. "धावा हो! यांच्या घशात काटा अडकला!"

काटा शिंगाल्याचा होता. त्या माशाला खवले नसतात, म्हणून बेने इस्राएल तो खात नाहीत. आणि गोमाजी त्यावरूनही त्यांना हसत असे. भगवंत विनोद करत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे क्षणभर थांबावं.

सनूबाईच्या मनात पहिलं आलं ते हे, की हा गेला तर इसाजीची शेवटची खबरही गेली. दुसऱ्या क्षणी तिची तिलाच लाज वाटली, आणि ती महाराजांकडे पळत सुटली.

शनिवारी पाण्याचा तांब्यासुद्धा वाहून न नेणारे महाराज ताडकन उठले. "हसाजी, होडी काढ!"

"महाराज, आज शनिवार!" एक म्हातारा म्हणाला.

"जीव जात असेल तिथे शनिवार बाजूला सरतो. हाही कायदाच आहे."

"पण तो गोमाजी!"

"जीव म्हटलंय. कोणाचा, ते लिहिलेलं नाही."

पण ओहोटी पुरी लागलेली, होडी चिखलात रुतलेली! महाराजांनी तिच्या काठावर हात ठेवला, डोळे मिटले आणि रोज नि मरतानाही ओठी घ्यायचा तो आपला मंत्र म्हणाले, "शेमा इस्राएल..." आणि काय सांगावं! अवेळी खाडीत पाणी चढलं, होडी डुलली, तरंगली. हसाजी आ वासून बघत राहिला.

"वल्हव!" महाराज म्हणाले. "नवल उद्या कर. आज विसाव्याचा वार आहे."

गोमाजी काळानिळा पडला होता. महाराजांनी त्याला कुशीत धरलं, पुन्हा तोच मंत्र म्हटला आणि पाठीत एक सणसणीत थाप दिली. काटा उडून ताटात पडला, खणकन!

जिवूबाई पाया पडून म्हणाली, "महाराज, आता आमच्या होडीनं सोडतो तुम्हाला."

"जीव वाचला, बाई. आता वल्हवायला सबब उरली नाही. तारे दिसेपर्यंत आम्ही तुझ्या ओट्यावर बसतो."

महाराज, हसाजी आणि त्यांच्याबरोबर होडीत चढून आलेली सनूबाई, तिघे ओट्यावर बसले. थोड्या वेळानं गोमाजी घोंगडी पांघरून बाहेर आला आणि शेजारी टेकला. सनूबाईच्या जिभेच्या टोकावर एकच प्रश्न होता. तिनं पदर दातांत धरला. हसाजी पायाचा अंगठा निरखत होता.

"दुसऱ्यांदा," गोमाजी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुमच्यातल्या माणसानं मला दुसऱ्यांदा ओढून काढलं."

कोणी हूं की चूं केलं नाही. महाराजांनी मानसुद्धा हलवली नाही.

"इसाजी म्हणाला होता, आभाळ बरं नाही, गलबत फिरवा. मी हसलो. फुटल्यावर त्यानंच मला पाठीवर घेऊन खडकाला लावलं. मी तांडेल, आणि मला खलाश्यानं तारावं! सकाळी माझ्या मांडीवर गेला तो. शेवटपर्यंत तेच पुटपुटत होता, जे आज तुम्ही म्हणालात. या हातांनी त्याला वाळूत पुरला, उशाशी दगड लावला. गावात मात्र सांगायला जीभ वळेना. दर्यावर ढकललं की तांडेलाची अब्रू राहते."

सनूबाईचा हात बांगड्यांकडे गेला.

"थांब पोरी," महाराज हलकेच म्हणाले. "आज शोक करायचा नाही. तीन तारे दिसू देत, म्हणजे शनिवार सरला."

मग सगळेच आभाळाकडे बघत बसले. पहिला तारा दिसला, दुसरा दिसला. तिसरा जिवूबाईला आधी दिसला, पण तिनंही तोंडानं सांगितलं नाही, बोट केलं. सनूबाईनं ओट्याच्या कडेवर बांगड्या फोडल्या आणि तीन वर्षांचं रडणं एकदम रडली.

"सात दिवस त्याच्या शोकाला बस," महाराज म्हणाले. "मग सुतकाची मुदत सरली, की तुझं आयुष्य तुझं."

हसाजी त्या दिवसात पहिल्यांदाच बोलला. "दिव्याला तेल मी आणून ठेवीन."

गोमाजी उठून उभा राहिला. "महाराज, उद्या पंचायत भरवा! पागोटं बांधून येतो, छाती ठोकून साक्ष देतो!"

महाराजांनी घाईघाईनं हात जोडले. "नको हो तांडेल! एक अक्षरही नको! साक्ष झाली तुमची. आम्ही मागून घेतली असती, तर तिला कवडीचं मोल नव्हतं." आणि त्यांनी त्याला तो नियम सांगितला.

गोमाजी बघतच राहिला. "म्हणजे इतके दिवस सगळी आळी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि एकानंही विचारलं नाही?"

"नाही."

"मी शिव्या दिल्या तरी?"

"तरी."

तो खाली वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नको. तिकडे." गोमाजी वळला, आणि सनूबाईपुढे पायरीवर त्यानं कपाळ टेकलं.

"उठा तांडेल," ती डोळे पुसत म्हणाली. "मला त्यांचा दगड दाखवायला न्या."

सात दिवस संपल्यावर गोमाजीनं स्वतः वल्हं धरून तिला नेलं. त्या वेळी मात्र सगळे भरतीची वाट बघत थांबले, आणि भरती आपल्या वेळेवर आली.